विहिरीचा आकडा आणि डिझाइन डॉक: माझा अनुभव

औसा तालुक्यात विहिरींची पाणीपातळी नोंदवणारी आमची पोरं मराठी कीबोर्ड वापरतात. रकान्यात '१२' टाकलं की ॲप म्हणायचं, संख्या चुकीची. "सर, हे आकडाच घेईना बघा," असे फोन लातूरला सारखे यायचे.

ॲप ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, म्हणून दुरुस्ती आपणच पाठवू म्हटलं. कारण लगेच सापडलं. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतलं इंट (मजकुराची संख्या करणारं फंक्शन) देवनागरी अंक बिनतक्रार वाचतं. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेतलं तसलंच नंबर मात्र 'नॉट अ नंबर' (ही संख्या नाही) म्हणून मोकळं होतं. ॲप जावास्क्रिप्टमध्ये. पण बदल डेटाबेसपर्यंत जात असल्याने मेंटेनरने, म्हणजे ॲपचा कोड सांभाळणाऱ्याने, कोडआधी डिझाइन डॉक (काय बदलायचं आणि का, हे मांडणारा दस्तऐवज) मागितलं.

आमचं डॉक ऑफिसच्या ड्राइव्हवर होतं, बाहेरच्यांना ते उघडेचना. शिवाय तिथली चर्चा कोडजवळ राहत नाही. गावांची नावं आणि विहिरींचे अक्षांश-रेखांश काढून टाकले, मार्कडाउन (साध्या मजकुराची) फाइल केली आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामील करून घेण्याची विनंती, उघडली. साचा रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या आरएफसीचा (बदलाच्या जाहीर प्रस्तावाचा) घेतला: हेतू, तोटे, पर्याय, न सुटलेले प्रश्न.

प्रस्ताव सोपा होता. कुठल्याही लिपीत टाका, साठवताना इंग्रजी अंक, दाखवताना वापरणाऱ्याची भाषा. त्यावर एकाने विचारलं, एकाच संख्येत दोन लिप्या आल्या तर? बंगालीतला चार दिसायला इंग्रजी आठसारखा असतो. म्हणजे पडद्यावर ८८ आणि साठवलेलं ८४! हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना संगणकात क्रमांक देणाऱ्या मानकाच्या सुरक्षेसंबंधीच्या दस्तऐवजात अशा मिश्र संख्यांबद्दल इशारा आहेच. मग 'एका संख्येत एकाच लिपीचे अंक' हा नियम घातला. कोड आधी लिहून बसलो असतो तर हा प्रश्न कुणी विचारला असता की नाही, शंकाच आहे.

'लोकांना इंग्रजी कीबोर्ड घ्यायला सांगा' हा सल्ला येणार हे माहीत होतं. तो मी आधीच पर्यायांत टाकून, का नको तेही लिहिलं होतं: फोन घरात सगळ्यांचा, कीबोर्ड कोण कधी बदलेल सांगता येत नाही. सल्ला आला तेव्हा त्या ओळीचा दुवा दिला. वाद तिथेच मिटला. माझ्या मते प्रस्तावापेक्षा हाच भाग नीट लिहावा.

डॉक मंजूर झालं, कोड मागाहून गेला. दशांशचिन्ह मात्र 'न सुटलेले प्रश्न'मध्येच आहे. अरबी अंकांसोबत ते वेगळं येतं, आणि ते काम मी मुद्दाम अंगावर घेतलं नाही.