आमची दाई गेली

काल दाईला माती दिली. 1993 साली मेळघाटात कुपोषणानं लेकरं दगावत होती, तेव्हा मी मिशनची नर्स म्हणून धारणीकडं आले. इथल्या आदिवासींची कोरकू भाषा येत नव्हती. हिनंच हात धरून घरोघरी फिरवलं. बाळंतिणीला चोळताना तिच्या हातांना मोहाच्या टोळीच्या, म्हणजे बियांच्या, तेलाचा वास यायचा. आजही तो वास आला की मला तीच आठवते.

कोरकू लोक मेलेल्या माणसाला पुरतात. लेकानं आधी खड्ड्यात नाणी टाकली, जागेचं मोल म्हणून. मग म्हणाला, "सिस्टर, तुमची प्रार्थना म्हणा. मायला आवडे." माझा आवाज अर्ध्यातच फुटला. भुमकानंच, त्यांच्या पुजाऱ्यानंच, पाण्याचा तांब्या पुढं केला. माणुसकी ती हीच. सिडोलीला, म्हणजे मेलेल्यांच्या स्मरणविधीला, तिच्या नावाचा सागाचा मुंडा, लाकडी खांब, कोरतील, चंद्र-सूर्य काढून. मी जाणारच.