गोव्यात आरसी गाडीची सुरुवात : माझा अनुभव

आरसी (रिमोटने चालणारी, रेडिओ-कंट्रोल) गाडी पसंत करण्याआधी तिचे सुटे भाग कोण विकतं, ते मी शोधतो. पुढचा लोअर आर्म (चाक धरणारा खालचा दांडा), स्टिअरिंग नकल (चाक वळवणारा सांधा), स्पर गिअर (मोठा दातेरी गिअर), डिफ (डिफरन्शियल) आणि सर्वो सेव्हर (स्टिअरिंगच्या मोटरला धक्क्यापासून वाचवणारा भाग) या वस्तू देशातल्याच एखाद्या विक्रेत्याकडे मिळत असतील, तरच ती गाडी घ्यायची. वेग आणि खोक्यावरचे फोटो नंतर. म्हापसा-मडगावच्या खेळण्यांच्या दुकानांत रिमोटच्या गाड्या भरपूर दिसतात, पण त्यांचे भाग वेगळे विकत मिळत नाहीत. एक दांडा मोडला की गाडी माळ्यावर जाते. हॉबी ग्रेड गाडीचा प्रत्येक स्क्रू उघडतो आणि प्रत्येक भागाला स्वतःचा नंबर असतो. ज्याला गाडी उघडून बसायला आवडतं, त्याने या छंदात जरूर यावं. नुसती पळवायची असेल तर खर्च अंगावर येईल.

दुसरा प्रश्न जमिनीचा. आपल्याकडे गुळगुळीत, रिकामी डांबरी जागा कमी आणि जांभ्याचा सडा जास्त. म्हणून पहिली गाडी रस्त्यावरची बुटकी टूरिंग कार नको. बग्गी किंवा ट्रक घ्या. खऱ्या गाडीच्या 1/14 मापाची डब्ल्यूएलटॉईज 144001 नवशिक्याला परवडते. चारही चाकांना ताकद, 550 ब्रश्ड मोटर, 2 एस (दोन सेलची) 1500 एमएएचची बॅटरी, खोक्यातून काढून चार्ज केली की चालते. या गाडीत ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) आणि रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा भाग) एकाच बोर्डावर आहेत, म्हणजे एक गेलं की दोन्ही बदलायचं, हे मनात धरून घ्या. स्वतः जोडायची असेल तर 1/10 ची तामिया टीटी-02बी चांगली. किटमध्ये रिमोट, सर्वो (स्टिअरिंग वळवणारी छोटी मोटर), बॅटरी आणि चार्जर नसतात. ईएससी आहे की नाही, ते खोक्यावर वाचून घ्या. टीटी-02च्या साध्या किटमध्ये बेअरिंगच्या जागी बुश (साध्या कड्या) येतात. गिअरबॉक्स जोडतानाच तिथे 5×11×4 मिमीची रबर सीलवाली बेअरिंग घाला. मागाहून घालायची म्हणजे अर्धी गाडी पुन्हा उघडावी लागते, आणि तोवर बुशात गेलेल्या धुळीने अॅक्सलवर खाच पाडलेली असते.

हातात असलेले सगळे पैसे गाडीवर घालू नयेत. गाडीच्या किमतीच्या साधारण निम्मी रक्कम चार्जर, जादा बॅटरी, अवजारं आणि पहिल्या मोडतोडीसाठी बाजूला ठेवावी. अवजारांत 1.5, 2 आणि 2.5 मिमीचे चांगल्या पोलादाचे हेक्स ड्रायव्हर लागतात, बरोबर 5.5 आणि 7 मिमीचे नट ड्रायव्हर. वाकवलेली स्वस्त ॲलन की स्क्रूचं डोकं गोल करून टाकते आणि मग तो स्क्रू ड्रिल करूनच निघतो. तामियाच्या चौफुली स्क्रूंना जपानी मापाचा ड्रायव्हर हवा. साधा फिलिप्स घसरतो.

प्लास्टिकमध्ये स्क्रू परत बसवायची रीत पहिल्याच दिवशी शिकून घ्यावी. स्क्रू भोकात ठेवून आधी उलटा फिरवायचा. जुन्या आट्याच्या तोंडाशी आला की बोटाला एक बारीक ‘टक्’ जाणवते. तिथून सुलटा आवळायचा. असं न करता दाबून फिरवला तर तो नवे आटे पाडतो, आणि चार-पाच वेळा उघडझाप झाली की आटे जाऊन स्क्रू नुसता फिरत राहतो. उलट धातूत जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळा थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) टिकलीएवढा लावा. तोच थ्रेडलॉक प्लास्टिकला लागला तर प्लास्टिक तडकतं.

आता बॅटरी. इथे घाई चालत नाही. 2 एस लायपोचा (लिथियम पॉलिमर बॅटरीचा) एक सेल पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्ट असतो, म्हणजे पॅक 8.4. गाडीसोबत येणारा छोटा तीन दिव्यांचा चार्जर सेलमागे सुमारे 800 मिलिअँपिअर देतो. 1500 एमएएचच्या पॅकला त्याने दोनेक तास लागतात, 5000च्या पॅकला सहा तासांच्या वर. डिस्प्ले असलेला बॅलन्स चार्जर (सगळे सेल सारखे भरणारा) घेणं उत्तम. हिशेब सोपा आहे: 5000 एमएएच पॅक 1 सी वेगाने म्हणजे 5 अँपिअरने भरायचा, 5 × 8.4 म्हणजे 42 वॉट. 50 वॉटचा चार्जर पुरतो. चार्जरवर ‘लायपो’ आणि ‘2 एस’ निवडलं आहे, पांढरा बॅलन्स प्लग लावला आहे, हे बटण दाबण्याआधी दरवेळी वाचून पाहायचं. चार्जिंग उघड्या लादीवर करावं. गादी, सोफा, लाकडी कपाट जवळ नको. शेजारी वाळूची बादली हवी आणि घरात जागं माणूस हवं.

सेल 3 व्होल्टच्या खाली गेला की आतून खराब होऊ लागतो आणि पॅक फुगतो. म्हणून ईएससीमध्ये बॅटरीचा प्रकार लायपोवर ठेवला आहे का, ते पाहावं. काहींत त्यासाठी बारीक जंपर असतो. तो एनआयएमएचवर (निकेल बॅटरीवर) राहिला तर ईएससी गाडी वेळेवर थांबवत नाही. काही ईएससींना ही सोयच नसते; तिथे बॅलन्स प्लगला लावायचा छोटा अलार्म 3.5 व्होल्टवर ठेवून गाडीतच चिकटवतात. गाडीचा वेग उतरला, की तिथेच फेरी संपवायची. दोन दिवसांहून जास्त वापर नसेल तर चार्जरवरच्या ‘स्टोरेज’ने सेल 3.8 व्होल्टवर आणून ठेवा. भरलेली बॅटरी उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ठेवली तर एका दुपारीत फुगू शकते. लिथियम बॅटरी विमानाच्या पार्सलात सहज जात नाही. तेव्हा ती देशातल्याच विक्रेत्याकडून मागवा आणि रस्त्याने यायला लागणारे दिवस धरून चला.

नव्या गाड्यांत सगळ्यात जास्त बळी जातो स्पर गिअरचा. मोटरवरचा छोटा पिनियन आणि प्लास्टिकचा मोठा स्पर यांच्यात अंतर जास्त राहिलं तर दात्यांची टोकंच भिडतात आणि जोरात निघताना दाते छिलले जातात. अंतर कमी झालं तर गिअर किंचाळतो आणि मोटर तापते. ज्या गाडीत मोटर पुढेमागे सरकते, तिथे उपाय असा: वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी दोन गिअरांमध्ये घालायची, मोटर स्परवर दाबून तिचे स्क्रू आवळायचे आणि गिअर फिरवून पट्टी बाहेर काढायची. पट्टीवर वळ्या उमटलेल्या हव्यात, भोकं नकोत. मग स्पर धरून पिनियन बोटाने हलवून बघा. अगदी बारीक ‘टिक टिक’ लागली पाहिजे. ही तपासणी स्परच्या चार-पाच जागी करायची, कारण प्लास्टिकचा स्पर पूर्ण गोल असतोच असं नाही. पिनियनचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा बारीक स्क्रू) शाफ्टच्या चपट्या बाजूवर यायला हवा. गोल भागावर आवळलेला पिनियन हमखास सरकतो.

आपली तांबडी माती या गिअरांची खरी शत्रू आहे. जांभ्याची भुकटी बारीक असते आणि तेलाला चिकटते. उघड्या गिअरला, डॉगबोनला (चाक फिरवणाऱ्या दांड्याला) किंवा शॉकच्या दांड्याला ग्रीस लावलं की तासाभरात तिथे सँडपेपरसारखा लेप तयार होतो. मी उघडे भाग कोरडेच ठेवतो. ग्रीस फक्त बंद गिअरबॉक्सच्या आत. फेरी झाली की जुन्या रंगाच्या ब्रशने कोरडी धूळ झाडायची, मग शॉकचे दांडे फडक्याने पुसायचे. ओल्या फडक्याने आधी पुसलं तर त्याच धुळीचा चिखल बेअरिंगमध्ये शिरतो. सड्यावरचा हरभऱ्याएवढा खडा गिअरमध्ये अडकला तर दाते गेलेच. गिअर कव्हर काढून कधीही चालवू नका.

समुद्रकिनाऱ्याचं आकर्षण सगळ्यांना असतं. सुकी, भुसभुशीत वाळू मोटरवर प्रचंड भार टाकते. तिथे एक-दोन दात्यांनी लहान पिनियन घालावा आणि पाच मिनिटांनी मोटर तपासावी. बोट तीन सेकंदही टेकवता येत नसेल तर गाडी थांबवून थंड होऊ द्या. ओल्या वाळूवर ती सुरेख पळते, पण खारं पाणी एका रात्रीत बेअरिंग गंजवतं. खोक्यावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं इलेक्ट्रॉनिक्सपुरतं असतं, बेअरिंग आणि स्क्रू त्यात येत नाहीत. किनाऱ्यावरून आल्यावर त्याच संध्याकाळी चाकं काढा, बॅटरी बाहेर, गोड्या पाण्याच्या फडक्याने चासी पुसा, पंख्याखाली वाळवा आणि बेअरिंगांना पातळ तेलाचा एकेक थेंब द्या. मोरजी, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च. तिथे गाडी नेऊच नये. घरटं वाळूखाली असतं, वरून कळत नाही.

सरावाला सर्वांत चांगली जागा म्हणजे सकाळचं गावचं फुटबॉल मैदान. भातकापणीनंतरची शेतंही चालतात, मालकाला विचारून. मात्र धसांवर आपटून बॉडी फाटते.

रिमोटचा नियम एकच: आधी रिमोट चालू, मग गाडी, बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. स्टिअरिंगचा ट्रिम (चाकं सरळ करायचं रिमोटवरचं बटण) शून्यावर ठेवून सर्वो हॉर्न (सर्वोच्या टोकावरचा छोटा दांडा) सरळ बसवा, मग चाकं आतल्या टोकाला अडकणार नाहीत इतका एंड पॉइंट (स्टिअरिंग वळण्याची मर्यादा) कमी करा. चाक टेकलेलं असताना सर्वो गुणगुणत राहिला तर तो जळतो. गाडी डब्यावर उचलून, चाकं अधांतरी ठेवून रिमोट बंद करून पाहा: मोटर थांबली पाहिजे. थांबली नाही तर फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर थांबवणारी सोय) लावल्याशिवाय ती जमिनीवर ठेवू नका.

पहिली बॅटरी अर्ध्या थ्रॉटलवरच संपवायची. त्यानंतर चाकांचे नट, पिनियन, मोटरचे स्क्रू आणि आर्मच्या पिना तपासायच्या. नव्या गाडीत यांतलं काहीतरी सैल झालेलं सापडतंच.

जून ते सप्टेंबर मोठी गाडी बाहेर निघत नाही. तेव्हा 1/24 मापाचा छोटा क्रॉलर (दगडांवर हळू चढणारी गाडी) घ्या. अंगणात रचलेले चार-पाच चिरे किंवा बलकांवच्या (घरापुढच्या ओट्याच्या) पायऱ्या त्याला पुरतात, आणि जांभ्याच्या खडबडीत अंगावर त्याचे टायर फार छान पकड घेतात. मोठ्या गाडीची बॅटरी स्टोरेजवर आणून वेगळी ठेवा, टायर जमिनीला टेकणार नाहीत अशी गाडी डब्यावर उचलून ठेवा, खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला. चवथीच्या आधी एकदा प्रत्येक सेलचा व्होल्टेज बघायचा. 3.7च्या खाली उतरलेला दिसला तर पॅक पुन्हा स्टोरेजवर आणायचा. फुगलेला दिसला तर तो पॅक चार्ज करायचा नाही.