तुम्ही विचारलंत म्हणून: मराठी छपाईचं श्रीरामपूर कुठलं?

मराठी छपाईचा विषय निघाला आणि मी श्रीरामपूर म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, म्हणजे आपलं नगरकडचं का? नाही हो, हे बंगालमधलं, कलकत्त्याच्या वरच्या अंगाला हुगळीच्या पश्चिम काठावरचं, समोरच्या काठावर बराकपूर.

या गावात १७५५ पासून डेन्मार्कचा अंमल होता आणि माझ्या मते सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते. कंपनी सरकारला आपल्या हद्दीत मिशनरी नको होते, लोक बिथरले तर व्यापार बुडेल ही भीती, म्हणून १८०० साली विल्यम केरी, मार्शमन आणि वॉर्ड हे इंग्रज मिशनरी इथे जमले, डॅनिश गव्हर्नर ओले बी यांनी त्यांना थारा दिला आणि छापखाना उभा राहिला. हेतू धर्मप्रसाराचाच होता, ते कोणी लपवलेलं नाही. पण केरी कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेजात, म्हणजे कंपनीच्या अधिकाऱ्यांना इथल्या भाषा शिकवणाऱ्या कॉलेजात, मराठीही शिकवायचे, आणि तिथल्या पंडित वैजनाथांच्या मदतीने त्यांनी केलेलं मराठीचं व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरला छापून निघालं. १८१० चा शब्दकोश तर चक्क मोडीत! मला याचंच फार अप्रूप वाटतं. मोडी म्हणजे हात न उचलता सरसर लिहायची लिपी, एका अक्षराची शेपटी पुढच्यात मिसळलेली, आणि तिचं एकेक अक्षर सुटं करून शिशात ओतायचं, ते पण मराठी मुलखापासून इतक्या लांब.

१८१२ मध्ये छापखान्याला आग लागली, कागद आणि हस्तलिखितं गेली, खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, वितळून गोळे झाले, पण ती अक्षरं घडवायचे मूळ ठसे वाचले म्हणून त्याच शिशातून परत खिळे पाडले.

श्रीरामपूरचं स्वतःचं कॉलेज त्यानंतरचं, १८१८ चं. सुरुवातीला ३७ विद्यार्थी, ख्रिस्ती आणि हिंदूही. १८२७ मध्ये डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने सनद देऊन कॉलेजला पदव्या द्यायचा अधिकार दिला, मुंबई-कलकत्त्याची विद्यापीठं निघायच्या तीस वर्षं आधी. १८४५ ला डेन्मार्कने गावच इंग्रजांना विकलं, पण करारात सनदेचे हक्क शाबूत ठेवायचं कलम घातलं. म्हणून आज तिथल्या आर्ट्स-सायन्सच्या पोरांना डिग्री कलकत्ता विद्यापीठाची मिळते, आणि धर्मशास्त्राची मात्र श्रीरामपूरची स्वतःची, त्याच डॅनिश सनदेवर.