पॅनलसाठी थर्मल कॅमेरा: पिक्सेल आधी, रेंज नंतर

विजेचं पॅनल तपासायला थर्मल कॅमेरा (उष्णता चित्रात दाखवणारा) शोधू लागलात की विक्रेता आधी सांगतो, "५५० अंशांपर्यंत मोजतो." टर्मिनल तिथवर पोचायच्या कितीतरी आधी केबलचं इन्सुलेशन जळून गेलेलं असतं. तो आकडा सोडा. डिटेक्टर, म्हणजे उष्णता टिपणारा सेन्सर, किती पिक्सेलचा आणि लेन्स किती अंशांचा कोन बघते, एवढं विचारा.

१६० × १२० पिक्सेल आणि ५७ अंशांची लेन्स घेतली, तर एक मीटरवरून एक पिक्सेल साधारण ६ मिमी जागा व्यापतो. भरवशाच्या मोजमापाला निदान ३ × ३ पिक्सेल लागतात, म्हणजे जवळपास १९ मिमी. १० मिमीच्या लगचं (केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडाचं) तापमान मग आजूबाजूच्या थंड भागात मिसळून कमी दिसतं. ३२० × २४० आणि २४ अंशांच्या लेन्सला तेच काम ४ मिमीत जमतं. मोबाइलला जोडायचे छोटे कॅमेरे गरम जागा हुडकायला ठीक आहेत, पण त्यांचा आकडा अहवालात लिहू नये.

मुळात हे यंत्र हातात मावायला लागलं ते मायक्रोबोलोमीटरमुळे. १९६५ मध्ये स्वीडनच्या आगा कंपनीने वीजवाहिन्या तपासण्यासाठी थर्मल कॅमेरा बाजारात आणला. त्या पिढीत एकच डिटेक्टर असे, आरसे किंवा प्रिझम फिरवून त्यावर दृश्य ओळीओळीने टाकावं लागे, आणि डिटेक्टर द्रव नायट्रोजनने उणे १९६ अंशांवर ठेवावा लागे. हनीवेलने १९८० च्या दशकात अमेरिकी लष्करासाठी वेगळा मार्ग काढला, तोच हा मायक्रोबोलोमीटर: बारीक पायांवर अधांतरी धरलेला व्हॅनेडियम ऑक्साइडचा पातळ पापुद्रा, जो तापला की त्याचा विद्युतरोध बदलतो. थंड करायची गरजच नाही. १९९० च्या दशकात हे तंत्र नागरी वापरासाठी खुलं झालं. पुढे पिक्सेल ५० मायक्रॉनवरून १२ मायक्रॉनवर आला, तशी महागडी जर्मेनियम लेन्सही लहान झाली. किंमत उतरली त्याचं मोठं कारण हेच.

थंड केलेले डिटेक्टर संपलेले नाहीत. मिथेनची गळती बघायची तर सहसा ३.३ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपासचा अरुंद फिल्टर लागतो आणि तिथे तेच चालतात. त्यांचा कूलर काही हजार तासांनी झिजतो आणि बदलायला महाग पडतो. पॅनलसाठी त्यांच्या वाटेला जाऊ नका.

आता खरी फसगत. चकचकीत तांब्याचा बसबार (पॅनलमधली करंट वाहणारी जाड पट्टी) तापलेला असूनही थंड दिसतो, उलट त्यात तुमच्याच अंगाची उष्णता परावर्तित होते. शटडाउनमध्ये त्यावर काळी इलेक्ट्रिकल टेप लावून ठेवा, कॅमेऱ्यात एमिसिव्हिटी (पृष्ठभाग स्वतःची उष्णता किती बाहेर टाकतो त्याचं प्रमाण) ०.९५ करा आणि टेपवरच मोजा. चालू बसबारला टेप लावायला जाऊ नका, हे वेगळं सांगायला नको! अ‍ॅक्रिलिकच्या झाकणातून मोजता येत नाही, कारण असा कॅमेरा ज्या ८–१४ मायक्रॉनच्या किरणांत बघतो त्यांना ते अपारदर्शक असतं. कॅमेऱ्याला फक्त झाकणच दिसतं. एसी खोलीतून आणलेला कॅमेरा दहाएक मिनिटं तसाच राहू द्या, नाहीतर आकडे सरकत राहतात. मधेच येणारी 'टक्' ही शटरची असते. तेव्हा कॅमेरा स्वतःला जुळवून घेतो.

तिन्ही फेजची टर्मिनल एका चित्रात घ्या आणि क्लॅम्प मीटरने (तारेभोवती अडकवायचा मीटर) करंट मोजून लिहून ठेवा. लोड ४० टक्क्यांच्या खाली असेल तर पुन्हा या. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ४० टक्के लोडवर फेजमधला १० अंशांचा फरक पूर्ण लोडवर कागदोपत्री ६० च्या पुढे जातो. प्रत्यक्षात थोडा कमी, पण लग घट्ट करायला तेवढा पुरे.