बाटलीतल्या रोपाला बुरशीची सोबत

मृगबागेसाठी, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या केळी लागवडीसाठी, ग्रॅण्ड नैन या केळीच्या जातीची ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चर) रोपं आली की आमच्या जळगावकडच्या रावेर भागात सगळे उंची आणि पानं बघतात. मी पिशवी फाडून मुळं बघतो. पांढरी, भरगच्च मुळं असली की जीव सुखावतो.

ही रोपं निर्जंतुक बाटलीत वाढलेली. रोग नाही, हे मोठंच सुख. पण मातीतली उपकारक बुरशीही त्यांना भेटलेली नसते. म्हणून हार्डनिंगच्या वेळीच, म्हणजे बाटलीतली रोपं बाहेरच्या हवामानाला सरावत असतानाच, मायकोरायझा ही उपकारक बुरशी द्यावी, असं माझं ठाम मत आहे. ही बुरशी मुळाच्या आत शिरते, बाहेर केसाहून बारीक तंतू पसरवते आणि मूळ पोचत नाही तिथलं स्फुरद (फॉस्फरस) आणून देते. बदल्यात केळीकडून साखर घेते. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत स्फुरद कॅल्शियमला बांधलं जातं, त्यामुळे ही मदत लाखमोलाची.

एवढं मात्र सांभाळा: मायकोरायझाची पावडर मुळांना लागलीच पाहिजे, वर भुरभुरून उपयोग नाही. आणि लगोलग बुरशीनाशकाची आळवणी (मुळाशी द्रावण ओतणं) किंवा डीएपी या स्फुरदयुक्त खताचा मारा नको. भरपूर स्फुरद आयतं मिळालं की मूळ बुरशीला थाराच देत नाही.

यंदा कांदेबागेत, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळी लागवडीत, अर्ध्या ओळी मायकोरायझा देऊन आणि अर्ध्या न देता लावतोय. घडांची वजनं इथेच लिहीन.