एकाच सिलिंडरला दोन कार्बोरेटर: माझ्या एक्सटी ६००चा अनुभव

माझी यामाहा एक्सटी ६०० म्हणजे १९८८चं मॉडेल, किकवाली, इथे श्टुटगार्टजवळच्या एका गावातून एका आजोबांकडून घेतलेली. साताऱ्यात असताना पल्सर १८० चालवायचो, तिचा कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, थोडक्यात कार्ब) चारपाच वेळा स्वतः उघडून बसवलेला, त्यामुळे मला वाटलं ही पण जमेल. पण टाकी उतरवली आणि बघतो तर एका सिलिंडरला शेजारी शेजारी दोन कार्ब, मधे एक छोटी लिंक, आणि मुठीची केबल फक्त डावीकडच्याला.

गाडीचा त्रास असा होता की दोन किकमध्ये चालू व्हायची, आयडलिंग एकदम ठणठणीत, गावातल्या गावात पिकअपपण झकास, पण हायवेला लागलो की ९०च्या पुढं काटा हलायलाच तयार नाही. अर्ध्या मुठीपर्यंत जे मिळायचं तेवढंच, त्याच्या पुढं कितीही पिळा, इंजिन नुसतं घुसमटल्यासारखं जड आवाज करायचं. एका वर्कशॉपमध्ये दिली, त्यांनी जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) साफ केले, अल्ट्रासॉनिक मशीनमधून काढले, २४० युरो घेतले आणि गाडी होती तशीच परत आली. मला राग पैशांचा नाही आला, आयडलिंग एवढं छान असताना त्यांनी आयडलिंगचं पेट्रोल देणाऱ्या पायलट जेटच्या मागे दोन दिवस घालवले याचा आला.

मग मी ठरवलं की आधी हे दोन कार्ब नक्की काय करतात ते समजून घ्यायचं, त्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा नाही. यामाहाने याला नाव दिलंय ड्युओ इनटेक सिस्टम, १९८२च्या एक्सटी ५५०पासून हे सुरू झालं (होंडाच्या एक्सएल ६००आरला पण दोन कार्ब होते). मला आधी वाटलेलं दोन्ही सारखेच असतील, जुळ्या भावांसारखे. तसं अजिबात नाहीये. डावा कार्ब आपल्या जुन्या बुलेटसारखा साधा, केबल ओढली की स्लाइड, म्हणजे हवेची वाट उघडणारी सरकती झडप, वर. आयडलिंग, चोक, गावातलं चालणं सगळं हाच एकटा सांभाळतो. डाव्याची स्लाइड बरीच वर गेल्यावर लिंक उजव्याचा बटरफ्लाय (नळीतली फिरणारी चकती) उघडायला लागते, पण उजव्याची स्वतःची स्लाइड मात्र आपल्या हातात नाहीच, ती वर एका रबरी डायफ्रामला (पातळ पडद्याला) लटकलेली असते. इंजिन हवा ओढायला लागलं की स्लाइडच्या खाली दाब कमी होतो, तो कमी दाब स्लाइडच्या बुडाच्या भोकातून डायफ्रामच्या वरच्या खोलीत पोचतो, खालच्या बाजूला बाहेरची हवा असतेच, तीच स्लाइडला वर ढकलते. म्हणजे इंजिनाला गरज असेल तेवढीच ती उघडणार.

एवढा खटाटोप कशाला, तर ५९५ सीसीचं एकच सिलिंडर, हवा लागते भरपूर. एकच मोठा कार्ब लावला तर कमी आरपीएमला त्या मोठ्या तोंडातून हवा रेंगाळत जाते, पेट्रोल नीट फवारत नाही, मूठ पटकन पिळली की गाडी गचके खाते. इथे प्रत्येक कार्ब २७ मिमीचा, दोघांचं क्षेत्रफळ मिळून साधारण ३८ मिमीच्या एका कार्बएवढं भरतं (वहीत गणित मांडून बघितलं मी, बरोबर येतं). म्हणजे हळू चालताना २७च्या बारीक नळीतला हवेचा वेग, आणि जोरात चालताना ३८चा भरणा. शिवाय या इंजिनाला हवा आत घेणारे (इनटेकचे) दोन व्हॉल्व्ह, दोघांना वेगळे पोर्ट म्हणजे वाटा, त्यामुळे एकच कार्ब चालू असताना हवा एका बाजूनं घुसून सिलिंडरमध्ये गोल फिरते आणि पेट्रोलमध्ये छान मिसळते. मला हे डिझाइन फार म्हणजे फार आवडलं.

हे कळल्यावर माझं दुखणं कुठं आहे ते उघडच झालं, अर्ध्या मुठीपर्यंत सगळं ठीक म्हणजे डावा ठीक, पुढं काही नाही म्हणजे उजवा कामावरच येत नाहीये. साताऱ्याला मामाला व्हिडिओ कॉल लावला, त्याचं गॅरेज आहे, असले दोन कार्ब त्यानं पण कधी बघितले नव्हते, पण पल्सरचे डायफ्राम शेकड्यानं बदललेत. त्यानं पहिलंच विचारलं, "वरची टोपी उघडली का त्या लोकांनी?" स्क्रूवरचा रंग जसाच्या तसा होता, म्हणजे नाही.

मामानं सांगितली ती टेस्ट अशी: कार्ब काढून हातात घ्यायचा, बोटानं स्लाइड वर ढकलायची, एअर फिल्टरच्या बाजूच्या तोंडाशी डायफ्रामच्या खालच्या खोलीचं जे हवेचं भोक असतं ते दुसऱ्या बोटानं दाबून धरायचं आणि स्लाइड सोडायची. डायफ्राम धड असेल तर ती हळूहळू उतरते. माझी टक्कन खाली पडली. टोपी काढली, वरून रबर अगदी चांगलं दिसत होतं, मामा म्हणाला, "ताण जरा, आणि मागनं बॅटरी मार." ताणलं, तर कडेच्या वळीत नखाएवढी चीर, त्यातून उजेड आरपार.

नवीन डायफ्राम यायला नऊ दिवस लागले. बसवताना त्याच्या कडेला एक छोटं कान असतं ते खाचेतच बसलं पाहिजे, आणि टोपी लावताना स्प्रिंग वाकडी होऊ द्यायची नाही, मला तीनदा काढून घालावं लागलं. आणि एक कळकळीनं सांगतो, कार्ब क्लीनरचा स्प्रे या रबरावर मारू नका, ते फुगतं आणि मग खाचेत बसतच नाही.

रविवारी सकाळी ए ८१वर हायलब्रोनच्या दिशेनं नेली. ९०ला मूठ पिळली आणि सीटखालचा आवाजच बदलला, एअर बॉक्समधून भरदार घोगरा सूर आला आणि काटा १२५ला गेला. मी हेल्मेटमध्ये मोठ्यानं ओरडलो. घरी येऊन उभ्या उभ्या मामाला फोन केला, तो म्हणाला आता त्या लिंकचा स्क्रू मॅन्युअलप्रमाणे एकदा बघून घे, उजवा थोडा उशिरा उघडत असेल. ते पुढच्या शनिवारी करणार आहे.