आत्याचा फॉरवर्ड आणि व्हिएन्नातले हात

व्हिएन्नाला निघताना आत्याने बजावलं, "ते हात तेवढे बघून ये." दोन भावांची गोष्ट ती दरवर्षी व्हॉट्सॲपवर पाठवते. एक भाऊ खाणीत राबून दुसऱ्याला चित्रकला शिकवतो, राबून राबून त्याची बोटं मोडतात आणि मग चित्रकार भाऊ ते जोडलेले हात कागदावर उतरवतो. हा चित्रकार भाऊ म्हणजे न्यूरेंबर्गचा आल्ब्रेख्त ड्यूरर.

नोव्हेंबर २०१९. कार्ल्सप्लाट्झला मेट्रोतून उतरलो आणि ऑपेराच्या मागे आल्बर्टिना संग्रहालय गाठलं. एरवी हातांच्या चित्राचा हा कागद अंधारातच ठेवतात, उजेड त्याला सोसत नाही. ड्यूररचं मोठं प्रदर्शन लागलं होतं म्हणून आमचं नशीब. त्याच्या सशाच्या चित्रापुढे ही झुंबड! हातांपाशी मात्र निवांत उभं राहता आलं.

कागद जेमतेम वहीच्या पानाएवढा, निळा रंग देऊन तयार केलेला. मी पेन्सिल समजत होतो, पण काम सगळं ब्रशचं. सावलीला करडी शाई, उजेडाला पांढरा रंग, मधली छटा कागदाचीच. मनगटाशी दुमडलेली बाही, हातावरच्या फुगलेल्या शिरा, केसाएवढ्या रेघा. तळवे घट्ट चिकटलेले नाहीत, आत थोडी पोकळी आहे. आणि बोटं? लांबसडक, सरळ. खाणीत मोडलेली तर अजिबात नाहीत.

ही खरं तर एका मोठ्या कामाची पूर्वतयारी. फ्रँकफर्टचा व्यापारी याकोब हेलर याने डोमिनिकन चर्चमधल्या वेदीसाठी चित्र सांगितलं होतं: वर स्वर्गात मेरी, खाली तिच्या रिकाम्या कबरीभोवती येशूचे शिष्य. त्यातल्या एका शिष्याचे हे हात, १५०८ सालचे. ड्यूररची हेलरला लिहिलेली पत्रं वाचली तर भक्तिभाव बाजूलाच, ठरलेल्या १३० गुल्डन नाण्यांत परवडत नाही म्हणून नुसती घासाघीस! शेवटी २०० घेतलेच पठ्ठ्याने.

वेदीवरचं ते मुख्य चित्र पुढे बव्हेरियाच्या राजघराण्याकडे गेलं आणि १७२९ मध्ये म्युनिकच्या राजवाड्याला लागलेल्या आगीत जळालं. फ्रँकफर्टला त्याची जुनी नक्कल तेवढी आहे. तयारीचा कागद मात्र शाबूत.

दुकानातून पोस्टकार्ड घेतलं. ते आता आत्याच्या देव्हाऱ्याशेजारी असतं. खरी हकिगत तिला दोनदा सांगितली. यंदा फॉरवर्ड पुन्हा आला, खाली तिने स्वतः भर घातली होती: "आमच्या बाळूने प्रत्यक्ष पाहिलेत."